विलीनीकरणाच्या अटी : नागपूर करार आणि युरोपीय एकीकरण यांचा चिकित्सक विचार

प्रस्तावना

पदवी वर्गात सार्वभौमत्वाची संकल्पना शिकविताना आपण बोदाँ आणि ऑस्टिन यांच्यापासून प्रारंभ करतो. सार्वभौमत्व अविभाज्य असते, हे वाक्य विद्यार्थी वहीत उतरवून घेतात. पुढे आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात युरोपीय संघ येतो आणि सत्तावीस राष्ट्रांनी आपले सार्वभौमत्व अंशतः एकत्र केले आहे, असे तेच विद्यार्थी लिहितात. या दोन उत्तरांतील विसंगती परीक्षेत कोणी विचारत नाही, हा भाग वेगळा.

युरोपविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांत मांडली जाते : राष्ट्रीय सार्वभौमत्व की अधिक सखोल राजकीय एकीकरण. ही मांडणी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. लहान घटक मोठ्या रचनेत सामील होताना किती सत्ता सोडतो, याला महत्त्व आहेच. परंतु सामील झाल्यानंतर तो कोणत्या नात्याने व कोणापुढे दाद मागू शकतो, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरतो. हे तपासण्यासाठी ब्रुसेल्सपर्यंत जाण्याचे कारण नाही. २८ सप्टेंबर १९५३ चा नागपूर करार आपल्या घरचाच आहे.

विदर्भ हा सार्वभौम देश नव्हता, तो तत्कालीन मध्य प्रदेश राज्याचा भाग होता, असा आक्षेप येथे रास्तपणे घेतला जाईल. दर्जाचे साम्य नाही, हे मान्यच आहे. साम्य आहे ते वाटाघाटींच्या रचनेत. भिन्न प्रशासकीय इतिहास असलेले प्रदेश एका शासनाखाली येण्यापूर्वी लेखी अटी ठरवितात आणि त्या अटी एकीकरणानंतर टिकतील, अशी अपेक्षा धरतात.

करार कोणामध्ये झाला?

करारावर सह्या करणाऱ्यांत मुंबई राज्यातील मराठी भागातून भाऊसाहेब हिरे व यशवंतराव चव्हाण, विदर्भातून रा. कृ. पाटील व रामराव देशमुख, मराठवाड्यातून देवीसिंह चौहान इत्यादी नेते होते. हिरे आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगावचे. जिल्ह्याच्या राजकीय इतिहासात त्यांचे नाव वारंवार येते, पण या कराराच्या संदर्भात ते क्वचितच घेतले जाते.

कराराच्या तरतुदी आजही वाचण्यासारख्या आहेत. मुंबई, मध्य प्रदेश व हैदराबाद या तीन राज्यांतील मराठी प्रदेशांचे मिळून एक राज्य व्हावे. महाविदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित राज्य असे त्याचे तीन घटक मानावेत. खर्चाचा निधी लोकसंख्येच्या प्रमाणात वाटावा, मराठवाड्याच्या अविकसित स्थितीकडे विशेष लक्ष द्यावे आणि याचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवावा. मंत्रिमंडळ, शासकीय नोकऱ्या व शिक्षणसंस्थांतील प्रवेश यांतही प्रमाण राखावे. उच्च न्यायालयाचे दुसरे पीठ नागपुरात असावे. शासनाने ठरावीक काळ नागपुरास स्थलांतर करावे व विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन तेथे भरवावे. मात्र निधीवाटपाच्या कलमाच्या आरंभीच एक अट आहे. हे सारे ‘एका शासनाच्या गरजांच्या अधीन राहून’ करावयाचे, अशा आशयाची ती आहे. त्या गरजा कोण ठरविणार? अर्थात ते एक शासनच. ज्याने वचन पाळावयाचे, त्यालाच ते केव्हा लागू नाही हे ठरविण्याचा अधिकार देणारी ही शब्दयोजना आहे. १९५६ मध्ये सातव्या घटनादुरुस्तीने आलेल्या अनुच्छेद ३७१(२) मध्येही ‘संपूर्ण राज्याच्या गरजा’ या रूपाने ती शिरली.

यापेक्षा गंभीर दोष दुसराच आहे. हा करार शासनांमध्ये झालेला नव्हता, नेत्यांमध्ये झालेला होता. आणि त्यातील एक पक्ष विलीनीकरणाच्या क्षणीच नाहीसा होणार होता. राज्य पुनर्रचना आयोगाने १९५५ मध्ये स्वतंत्र विदर्भ राज्याची शिफारस केली, ती स्वीकारली गेली नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, नागपूरचे राजधानीपण संपले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. त्यानंतर ‘आम्ही करारातील एक पक्ष आहोत’ असे अधिकृतपणे म्हणू शकणारी विदर्भाची कोणतीही संस्था उरली नाही. आमदार उरले, पण ते आपापल्या पक्षाच्या शिस्तीत.

डेन्मार्कचे उदाहरण येथे उपयोगी पडते. २ जून १९९२ रोजी डॅनिश मतदारांनी मास्ट्रिख्ट करार अल्प फरकाने नाकारला. डिसेंबरमध्ये एडिंबरा येथे डेन्मार्कला चलन, संरक्षण आदी बाबतींत सवलती देण्यात आल्या आणि १८ मे १९९३ रोजी त्याच मतदारांनी करार मान्य केला. एकीकरणानंतरही डेन्मार्क नावाचा पक्ष शाबूत राहतो, म्हणूनच हे शक्य झाले. न्यायालयाबाबतही तेच. १९६४ च्या कोस्ता खटल्यात विजेच्या बिलाचा वाद घेऊन न्यायालयात गेलेल्या एका इटालियन नागरिकामुळे युरोपीय न्यायालयाने सामुदायिक कायद्याचे श्रेष्ठत्व प्रस्थापित केले. सार्वभौमत्ववाद्यांना हा निर्णय आजही खुपतो. परंतु तो राष्ट्राच्या अधिकारावर मर्यादा घालीत असतानाच सामान्य नागरिकाच्या हाती दाद मागण्याचे साधन देतो, ही त्याची दुसरी बाजू दुर्लक्षिली जाते. नागपूर कराराच्या बाबतीत असे साधन नव्हते. अनुच्छेद ३७१(२) मधील विशेष जबाबदारी राज्यपालांवर आहे आणि राज्यपाल कोणत्याही प्रदेशाचे प्रतिनिधी नसतात. त्या अनुच्छेदानुसार विकास मंडळे स्थापन होण्यास १९९४ साल उजाडावे लागले. म्हणजे तरतुदीनंतर अडतीस वर्षे. ३० एप्रिल २०२० रोजी मंडळांची मुदत संपली. त्याच वर्षी ३१ जानेवारीला ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले होते. ब्रिटनचे जाणे महिनोन्महिने जगभर गाजले. मंडळे मात्र मुदतवाढीचा आदेश न निघाल्याने गेली.

विचारले कोणाला, हाही मुद्दा आहे. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेण्यात आला. विलीनीकरणाचे पुरस्कर्ते असलेल्या दयानंद बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने मतदान निःपक्ष व्हावे म्हणून आधी राजीनामा दिला. कौल ३४,०२१ मतांच्या फरकाने विलीनीकरणाविरुद्ध गेला आणि काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत बांदोडकरांचाच पक्ष पुन्हा सत्तेवर आला. शासन कोणाचे हवे आणि एकीकरण हवे की नको, हे दोन निराळे प्रश्न आहेत, हे गोव्याच्या मतदाराने दाखवून दिले. विदर्भ-मराठवाड्यात हे दोन प्रश्न असे वेगळे करून कधी विचारले गेले नाहीत.

‘उर्वरित’ म्हणजे कोण?

येथवरची टीका विदर्भातील अभ्यासकांना अपरिचित नाही. नाशिकमधून पाहताना मात्र कराराची आणखी एक बाजू दिसते, तिची चर्चा त्यामानाने कमी झाली आहे. करारातील तिसऱ्या घटकाला नावच नाही. विदर्भ व मराठवाडा वगळून जे उरले, ते ‘उर्वरित’. या एका शब्दात मुंबई येते, पुणे येते, कोकण, खानदेश येतात आणि पेठ-सुरगाण्याचे आदिवासी तालुकेही येतात. द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्गाला पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. मुंबई-पुणे-नाशिक या तथाकथित सुवर्ण त्रिकोणाचे एक टोक ते हेच. दिंडोरी-वणीमार्गे उत्तरेस सुरगाण्याच्या डोंगरात गेले की तो त्रिकोण संपतो. सरासरी काढताना मात्र दोन्ही एकत्रच मोजले जातात. सुरगाणा हे १९४८ पर्यंत संस्थान होते. विलीन होऊन ते नाशिक जिल्ह्यात आले, पाच वर्षांनी ‘उर्वरित’ झाले. करारात त्याच्या वतीने बोलणारे कोणी नव्हते आणि त्याला वेगळे संरक्षण हवे, असे कोणास वाटल्याचेही करारात दिसत नाही.

वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ च्या अहवालात जिल्हा हे एकक धरून अनुशेष मोजला. एकूण सुमारे ३,१८६ कोटी रुपयांच्या अनुशेषापैकी जवळपास ३७ टक्के तथाकथित प्रगत ‘उर्वरित’ महाराष्ट्रातील जिल्ह्यांचा निघाला. एकक लहान केले की मागासलेपण नकाशावर दिसू लागते, हे या आकड्याचे महत्त्व. अर्थात नाशिकसारख्या जिल्ह्यात तेही पुरेसे नाही. निफाडची द्राक्षे आणि सुरगाण्याची नागली एकाच जिल्ह्याच्या सरासरीत मिसळतात.

युरोपीय संघाने प्रादेशिक निधी देताना राष्ट्राची सरासरी न पाहता प्रदेशाची पाहिली. दरडोई उत्पन्न संघाच्या सरासरीच्या ७५ टक्क्यांहून कमी असलेल्या प्रदेशांना अधिक निधी, असा निकष ठेवला. हे धोरण निर्दोष आहे, असे मुळीच नाही. श्रीमंत ब्रिटनमधील कॉर्नवॉल या निकषाने २००० पासून पात्र ठरले व त्याला मोठा निधी मिळाला. तरीही २०१६ च्या सार्वमतात कॉर्नवॉलने संघ सोडण्याच्या बाजूने कौल दिला. निधीने निष्ठा विकत घेता येत नाही, असा याचा अर्थ लावला जातो. परंतु कॉर्नवॉल हा संघातील पक्ष नव्हताच, पक्ष होता लंडन. पैसा ब्रुसेल्सचा, वाटप लंडनमार्फत. मोजणी प्रदेशाची झाली, आवाज मात्र प्रदेशाला मिळाला नाही. दांडेकर समितीने एकक बदलले, तेव्हा आपल्याकडेही याहून वेगळे घडले नाही.

सप्टेंबर २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने विकास मंडळांच्या पुनर्गठनाचा निर्णय घेतला. मंडळे तीच तीन : विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र. त्याच वर्षाच्या अखेरीस सुरगाणा तालुक्यातील सीमेवरच्या काही गावांनी रस्ते, पाणी, आरोग्य यांची दुरवस्था पुढे करून आपल्याला गुजरातमध्ये जाऊ द्यावे, अशी मागणी केली.