आरंभक उक्ती आणि लिखित पाठ

स्वमग्न मुलाला प्रश्न विचारला असता तो पुष्कळदा उत्तर देतो. परंतु संभाषणातील पहिली उक्ती त्याच्याकडून क्वचितच येते. ही उणीव दूर करण्याच्या यत्नांत पॅट्रिशिया क्रान्ट्झ व लिन मॅक्लॅनहन यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग विशेष विचारार्ह आहे. चार स्वमग्न मुलांना चित्रकलेच्या वेळी सवंगड्यांशी बोलावयाची वाक्ये लिहून देण्यात आली व पुढे ती शेवटाकडून आरंभाकडे क्रमाक्रमाने वगळण्यात आली. पाठ विरत गेला तसतशा पाठाबाहेरच्या उक्ती वाढल्या. तिघांच्या बाबतीत हा पालट अन्य स्थळी व अन्य शिक्षकासमोरही टिकला.

या पद्धतीचे मर्म लेखनाच्या मूकपणात आहे. शिक्षकाने ‘विचार’ म्हटल्यावर मूल विचारते, तेव्हा ते मित्राशी बोलत नसून शिक्षकाची आज्ञा पाळीत असते. लिखित पाठ हा तिसरा आवाज संभाषणातून काढून घेतो. हा गुण निःसंशय मोठा आहे.

तथापि, येथे मोजल्या जातात त्या उक्ती, संवाद नव्हे. उक्ती ऐकणाऱ्यापर्यंत पोचली काय, आणि त्याच्या उत्तरावर मुलाने पुढे काही म्हटले काय, हे प्रश्न या गणनेच्या कक्षेबाहेर राहतात. उलटपक्षी, मोठ्या माणसाचा हात धरून त्याला फडताळाकडे ओढणारे मूल संवादाचा आरंभ करीतच असते. पण त्याची नोंद होत नाही. असंबद्ध भासणाऱ्या उद्गारांमागे मुलाच्या अनुभवातील निश्चित प्रसंग असतो, हे लिओ कॅनर यांनी १९४६ मध्येच दाखविले होते. प्रिझंट व डूकन यांनी १९८१ मध्ये पुनरुक्तीचीही विविध संवादकार्ये वर्णिली. तेव्हा उसने वाक्य पोकळच असते असे नाही, आणि निर्दोष वाक्य संवादी असतेच असेही नाही.

मराठीच्या संदर्भात आणखी एक अडचण उद्भवते. इंग्रजी प्रश्नात साहाय्यक क्रियापद आरंभी येते. त्यामुळे शेवट पुसला तरी प्रश्नाची चौकट शिल्लक राहते व मूल तीत नवे नाम भरू शकते. ‘तुला झोक्यावर बसायचे आहे का?’ या वाक्याचा शेवट पुसला, तर प्रथम ‘का’ व नंतर क्रियापद जाते. उरते ते ‘तुला झोक्यावर’. त्यास धड प्रश्न म्हणता येत नाही, धड चौकटही नाही. म्हणून मराठीत मधले नाम आधी वगळून दोन्ही टोके राखणे अधिक सयुक्तिक होईल. शिवाय क्रीडांगणावर मुले ‘बसायचंय का?’ असे म्हणतात. पाठ पुस्तकी भाषेत लिहिला, तर मूल बोलू लागेल, परंतु सवंगड्यांत परकेच राहील.

सारांश, पद्धत टाकाऊ नाही; तिचे यांत्रिक भाषांतर मात्र टाकाऊ आहे. ‘ए, हे बघ ना’ एवढी लहानशी उक्तीही आरंभ ठरू शकते. मुलाने किती वाक्ये उच्चारली याबरोबरच ती कोणासाठी व कशासाठी उच्चारली, हे ज्या दिवशी नोंदवहीत उतरेल, त्या दिवशी या शिक्षणाला भाषाशिक्षण हे नाव खऱ्या अर्थाने शोभेल.