सार्वजनिक ग्रंथालय : सभासदाचे की नागरिकाचे? (महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ : एक चिकित्सा)

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेने १९५० साली प्रत्येक प्रौढ व्यक्तीला मताधिकार दिला. त्यानंतर वर्षभराने झालेल्या जनगणनेत देशातील साक्षरतेचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. आधी साक्षरता व मग मताधिकार, हा पाश्चात्त्य देशांतील क्रम येथे उलटा झाला. त्यामुळे नवजात लोकशाहीत नागरिकाला सुजाण करण्याची जबाबदारी केवळ शाळेवर सोपवता येणार नव्हती. शाळा वाचायला शिकवते. पण शाळा सुटल्यावर काय वाचावे, कोठे वाचावे आणि त्यासाठी पैसे कोणी द्यावेत, या प्रश्नांचे उत्तर सार्वजनिक ग्रंथालयानेच द्यावयाचे असते. महाराष्ट्राने हे उत्तर १९६७ च्या अधिनियमाच्या रूपाने दिले. ते कितपत पुरेसे आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात दापोडीसारख्या औद्योगिक वस्तीच्या संदर्भात केला आहे.

दोन परंपरा

मराठी मुलखातील ग्रंथालयांची परंपरा जुनी व अभिमानास्पद आहे. रत्नागिरी (१८२८), नाशिक (१८४०) आणि पुणे (१८४८) येथील वाचनालये, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) ही नावे सर्वपरिचित आहेत. वर्गणी, देणग्या आणि कार्यकर्त्यांचे विनावेतन श्रम यांवर या संस्था उभ्या राहिल्या. मात्र त्यांचा मूळ घटक ‘सभासद’ हा होता आणि सभासद होण्यासाठी वर्गणी परवडावी लागे. साहजिकच या संस्था प्रारंभी शहरी, शिक्षित मध्यमवर्गाच्या राहिल्या.

दुसरी परंपरा बडोदा संस्थानाची. सयाजीराव गायकवाड यांनी १९०६ साली संस्थानभर सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. शिकलेला मनुष्य वाचनाअभावी पुन्हा निरक्षर होतो, हे ध्यानी घेऊन त्यांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय, गावोगावची ग्रंथालये आणि फिरत्या ग्रंथपेट्या अशी साखळी राज्याच्या आश्रयाने उभी राहिली. येथे वाचक हा सभासद नव्हता. तो प्रजाजन होता आणि ग्रंथ हा त्याच्या शिक्षणाचा भाग होता. विसंगती अशी की, वाचनाचा हक्क राजेशाहीने मान्य केला आणि लोकशाही मात्र पुढे पहिल्या परंपरेकडे वळली.

अधिनियमाचे स्वरूप

१ मे १९६८ पासून अमलात आलेल्या या अधिनियमाने राज्य ग्रंथालय परिषद, ग्रंथालय संचालनालय आणि जिल्हा ग्रंथालय समित्या अशी रचना निर्माण केली. खासगी संस्थांनी चालविलेल्या ग्रंथालयांना मान्यता द्यावयाची, ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग पाडावयाचे आणि वर्गानुसार अनुदान द्यावयाचे, हा या व्यवस्थेचा कणा होय. तिच्यामुळे हजारो ग्रंथालये खेडोपाडी पोचली, हे यश नाकारता येत नाही.

तथापि दोन मूलभूत उणिवा नजरेआड करता येत नाहीत. पहिली उणीव आर्थिक आहे. मद्रासने १९४८ साली आणि कर्नाटकाने १९६५ साली ग्रंथालय कर स्वीकारला. महाराष्ट्राने तो टाळला. परिणामी ग्रंथालयांचा निधी वार्षिक अंदाजपत्रकाच्या कृपेवर राहिला आणि सेवकांची वेतनश्रेणीची मागणी दशकानुदशके प्रलंबित राहिली. कराला होणारा विरोध समजण्यासारखा आहे. परंतु जो नागरिक ग्रंथालयासाठी कर भरतो, तो त्याचा हिशेबही मागतो, हे येथे विसरले गेले.

दुसरी उणीव अधिक खोल आहे. ग्रंथालय कोठे असावे हे या व्यवस्थेत लोकसंख्येची गरज ठरवीत नाही. संस्था काढणाऱ्यांचा उत्साह ठरवतो. जेथे उत्साही मंडळी आहेत तेथे ग्रंथालय. जेथे नाहीत तेथे अनुदान मागणारेच कोणी नाही.

दापोडीच्या संदर्भात

या उणिवेचा अर्थ औद्योगिक पट्ट्यात स्पष्ट होतो. दापोडी हे पुणे–मुंबई लोहमार्गावरील, मुळेकाठचे गाव. राज्य परिवहनाची मध्यवर्ती कार्यशाळा येथे आहे आणि पिंपरी–चिंचवडच्या कारखान्यांत जाणारा कामगार या परिसरातून ये-जा करतो. मराठवाडा, विदर्भ, पश्चिम महाराष्ट्र आणि परप्रांत येथून आलेली कुटुंबे अशा वस्त्यांत भाड्याने राहतात. ग्रंथालय संस्था काढावयास लागणारे स्थैर्य, जागा आणि ओळखी यांचा त्यांच्यापाशी अभाव असतो. पाळीत काम करणाऱ्यास ठरावीक वेळेचे वाचनालय बंदच भेटते, आणि घर वरचेवर बदलणाऱ्यास अनामत रक्कम व ओळखीचा सभासद या अटी जाचक ठरतात. ज्याला सार्वजनिक ग्रंथालयाची सर्वाधिक गरज आहे, तोच त्याच्या दाराबाहेर राहतो.

महानगरपालिकेने ही उणीव भरून काढावी, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. पण महानगरपालिका अधिनियमात प्राथमिक शिक्षण हे बंधनकारक कर्तव्य आहे, तर ग्रंथालय हे ऐच्छिक. म्हणजे वाचावयास शिकवणे सक्तीचे, वाचावयास देणे मर्जीचे! अलीकडे ठिकठिकाणी अभ्यासिका उघडल्या, हे स्वागतार्ह आहे. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला शांत बैठक मिळते, हे थोडे नव्हे. परंतु तेथे तो आपलीच पुस्तके आणून वाचतो. अभ्यासिका खुर्ची देते. ग्रंथालय प्रश्न देते. पहिलीला दुसऱ्याचा पर्याय मानणे ही आजची मोठी गफलत आहे.

येथे २००५ च्या माहितीच्या अधिकार अधिनियमाचे स्मरण उचित ठरेल. सार्वजनिक प्राधिकरणाने लोकांसाठी ग्रंथालय वा वाचनकक्ष चालविला असल्यास त्याच्या वेळाही स्वतःहून जाहीर कराव्यात, असे त्याचे कलम ४ सांगते. नागरिकाचा वाचनकक्ष हे शासनाला जाब विचारण्याचे स्थळ आहे, ही जाणीव त्यामागे आहे. आपल्या प्रभागाचा अर्थसंकल्प आणि विकास आराखडा ज्या टेबलावर वाचावयास मिळतो, ते टेबल मतपेटीइतकेच लोकशाहीचे उपकरण होय.

पर्याय

स्वयंसेवी परंपरा मोडावी, असा याचा अर्थ नाही. केरळने १९८९ च्या कायद्यान्वये लोकांनी चालविलेली ग्रंथालये कायम ठेवली, त्यांना ग्रंथालय कराचा आधार दिला आणि परिषदांवर निवडून आलेले प्रतिनिधी आणले. संस्थेचा उत्साह आणि नागरिकाचा हक्क यांची सांगड घालता येते, हे त्यावरून दिसते. महाराष्ट्रात निदान तीन गोष्टी व्हाव्यात : महानगरपालिकांसाठी ग्रंथालय हे बंधनकारक कर्तव्य ठरावे, लोकसंख्येच्या प्रमाणात प्रभागवार ग्रंथालय असावे, आणि कामगार वस्तीत त्याच्या वेळा पाळ्यांशी जुळाव्यात.

समारोप

१९६७ च्या अधिनियमाने ग्रंथालयांना जगविले. वाचकाला हक्क मात्र दिला नाही. या उणिवेत आपणा प्राध्यापकांचाही वाटा आहे. महाविद्यालयाचे समृद्ध ग्रंथालय संध्याकाळी कुलूपबंद होते आणि त्याच रस्त्याने कामगार घरी परततो. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. हे कुलूप आठवड्यातून दोन संध्याकाळी उघडणे मात्र आपल्या हाती आहे.