‘कासव’चे रूपक आणि औषध घेणारे शरीर

मराठी चित्रपटातील मनोविकारांच्या चित्रणाचा विचार करताना सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचे कार्य पायाभूत मानावे लागते. ‘देवराई’ (२००४) मध्ये छिन्नमनस्कता आणि ‘कासव’ मध्ये नैराश्य त्यांनी भडकपणा टाळून मांडले. ‘कासव’ला २०१६ या वर्षाच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले, ते यथार्थच होय. तथापि या चित्रपटाच्या मध्यवर्ती रूपकाची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक वाटते.

अंग आक्रसून निश्चल झालेले कासव हे येथे नैराश्याचे रूप आहे. आलोक राजवाडे यांनी साकारलेला तरुण असाच मिटलेला आहे. आजारापुरते हे रूपक नेमके ठरते. परंतु प्रत्यक्षात असे अनेक तरुण औषधेही घेत असतात आणि औषध घेणारे शरीर काही वेळा अगदी उलट वागते. फ्लुओक्सेटिनसारखी औषधे सेरोटोनिनचे कार्य वाढवितात. त्याचा परिणाम हालचालींचे नियमन करणाऱ्या डोपामिनवरही होऊ शकतो. मग हात कापतात, जबडा आवळला जातो, क्वचित अकॅथिसिया उद्भवतो. हास्कोवेच या चेक वैद्याने १९०१ मध्ये योजलेल्या या संज्ञेचा अर्थच ‘बसता न येणे’ असा आहे. ‘एका जागी दम निघत नाही’ हे आपल्याकडील बोलणे त्याच्या अधिक जवळ जाते.

कासवाची प्रतिमा मनात ठेवून पाहणारा माणूस येरझाऱ्या घालणाऱ्या मुलाला ‘आता हुशारी आली’ असे समजेल, नाहीतर आजारच बळावला असे मानेल. दोन्ही वाचने घातक ठरू शकतात. उपचाराच्या आरंभी आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुले व किशोरवयीनांबाबत दिला आणि २००७ मध्ये तो २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला. ज्या लक्षणांवर नजर ठेवावी त्यांत ही अस्वस्थताही आहे. हे वय नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतील आपल्या विद्यार्थ्यांचे आहे. वर्गात सतत पाय हलविणारा मुलगा आपल्याला उद्धट वाटतो. (पाय हलविणे अशुभ, ही घरची समजूत आणखी वेगळी.) त्याने औषध एकाएकी सोडणेही धोक्याचे, मात्रा कमी करणे वा औषध बदलणे हे डॉक्टरांचे काम.

चित्रपटाचे निर्माते डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ असल्याने ही अपेक्षा अवाजवी ठरू नये. जानकी त्या तरुणाला काहीही न विचारता देवगडच्या घरी ठेवून घेते, हे ‘कासव’चे सर्वांत सुंदर अंग. औषध घेणाऱ्या मुलाला मात्र ‘बसवते का रे?’ एवढे विचारावेच लागते.