कामाच्या वेळचे गाणे

चित्रपटगीताविषयी लिहायचे म्हटले, की आपल्याकडचा टीकाकार आधी हात झटकून घेतो. ही चीज घटकाभर करमणुकीची, तिची चिकित्सा ती काय करायची, असा त्याचा पवित्रा असतो. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर नभोवाणीमंत्री झाले आणि अभिरुचीच्या नावाखाली आकाशवाणीवर या गाण्यांची गळचेपी झाली. श्रोत्यांनी वाद घातला नाही. त्यांनी रेडिओचा काटा मुकाट्याने सिलोनकडे वळवला. १९५७ साली आकाशवाणीला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली, यातच त्या प्रकरणाचा निकाल आला. पण त्यात जिंकले कोण, हा माझा प्रश्न नाही. दिवसभर राबणारा माणूस आपले आवडते गाणे मनात घेऊन कामाला जातो, तेव्हा त्याला त्यातून नेमके काय मिळते, हा माझा प्रश्न आहे. ‘धीर मिळतो’ हे उत्तर सगळेच देतात. तो धीर शब्दांत असतो की चालीत, हे मात्र कोणी सांगत नाही.

दोन गाणी शेजारी ठेवून पाहू. दोन्ही साहिर लुधियानवींची, दोन्हींत महंमद रफींचा आवाज. पहिले ‘नया दौर’ (१९५७) मधले रस्ता बांधतानाचे गाणे, संगीत ओ. पी. नय्यर यांचे. दुसरे ‘हम दोनों’ (१९६१) मधले, देव आनंदच्या तोंडी असलेले, चिंता धुरासारखी उडवून लावणाऱ्या बेफिकीर माणसाचे गाणे, संगीत जयदेव यांचे. विषय पाहिला तर श्रमाचे गाणे पहिलेच. त्यात कष्टाचा गौरव आहे, एकीचा उपदेश आहे, साथीला समूहाचा आवाज आहे. तरीही माझा अनुभव असा, की कचेरीच्या टेबलाशी बसलेला माणूस गुणगुणतो ते दुसरे. असे का व्हावे?

मला वाटते, याचे कारण कामाच्या स्वरूपात आहे. रस्ता दहा हातांनी होतो. तिथे सामुदायिक गाणे शोभते. कारकुनाची चूक त्याच्या एकट्याची असते, बोलणीही त्याने एकट्याने खायची असतात. त्याला समूहगीत पेलत नाही. त्याला हवा असतो एका माणसाचा, न चिडलेला, न गांगरलेला आवाज.

इथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून चालणार नाही. त्या दुसऱ्या गाण्याचे तत्त्वज्ञान आहे स्वीकाराचे, जे मिळाले ते गोड मानून घेण्याचे. राबणाऱ्या माणसाला हा उपदेश घातक नव्हे काय? ज्याने पगारवाढ मागायला हवी, त्याला गाणे समाधान शिकवत असेल, तर त्या गाण्याने मालकाचेच काम केले म्हणायचे. शब्द कागदावर वाचले तर हा आक्षेप खरा आहे. पण गाणे कागदावर नसते. जयदेवांची चाल ऐका. तिला घाई नाही, तशी ती रडवेलीही नाही. रफी कुठेही स्वर ताणत नाहीत. ताठ मानेने, रमतगमत चाललेल्या माणसाची ऐट त्या लयीत आहे. ऐकणारा त्यातला उपदेश विसरतो आणि ही चाल उचलतो. साहेबाच्या खोलीतून बाहेर पडताना त्याला हवी असते ती हीच गोष्ट: आपल्या पावलांवरचा ताबा.

शिवाय गाण्याची घडणच अशी असते. अंतरा मुखड्यापासून दूर जातो, वर चढतो, आता हा कुठे नेणार असे वाटायला लावतो आणि पुन्हा ओळखीच्या जागी आणून सोडतो. वाट सुटली तरी परतता येते, हा भरवसा प्रत्येक फेरीत मिळतो. पडल्यावर उठण्याची ही तालीम शब्दांवाचून होते. म्हणूनच भाषा न कळणारे गाणेही माणसाला सावरते.

पण गाणे कोणी लावले, यावर पुष्कळ अवलंबून आहे. १९४० साली, युद्धाच्या धामधुमीत, बीबीसीने कारखान्यांतील कामगारांसाठी संगीताचा एक कार्यक्रम सुरू केला. तो १९६७पर्यंत चालला. कामाचा कंटाळा जावा आणि उत्पादन वाढावे हा त्याचा हेतू. म्हणून लय एकसारखी, आवाज यंत्रांच्या गोंगाटातून ऐकू येईल असा. मात्र एक लोकप्रिय गाणे त्यातून वगळले गेले. कारण काय, तर त्यात मध्येच टाळ्या होत्या आणि त्या ठिकाणी कामगार हातातली हत्यारे आपटू लागत! माझ्या मते ते गाणे त्या क्षणी कामगारांचे झाले होते. वरून आलेले संगीत काम उरकून घेते. आपले गाणे मात्र काम करणाऱ्याला कामापेक्षा मोठा करते.

आपल्याकडे हे जात्याने केव्हाच दाखवून दिले आहे. जात्यावर बसले की ओवी सुचते, असे आपण म्हणतो. गी पॉइत्व्हाँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात अशा लाखावर ओव्या गोळा झाल्या. त्या वाचल्या की दिसते, बाई दळणाची थोरवी गात नाही. ती भाऊ, माहेर, सासुरवास सांगते. जे दिवसा कोणापुढे काढता येत नाही ते घरघरीच्या आडोशाने बोलते. ओवीने पीठ अधिक पडले नाही. दळणारीचे मन मात्र दळणात दळून गेले नाही.

चित्रपटगीत या ओवीची बरोबरी करू शकेल असे मी म्हणणार नाही. ओवी बाईने स्वतः रचली. चित्रपटगीत विकत मिळते. ओवी शेजारणीच्या कानावर पडे आणि ती पुढची ओळ जोडी. आज कानात बोंडे घालून बसलेल्या मुलाचे गाणे शेजारच्या टेबलालाही कळत नाही. तरी निवड त्याची स्वतःची आहे, आणि आठ तासांच्या चाकरीत तेवढी एक गोष्ट त्याने कोणाला विचारून केलेली नाही. एवढ्यासाठी तरी टीकाकाराने हात झटकणे थांबवावे आणि तो मुलगा काय ऐकतो आहे, हे एकदा कान देऊन ऐकावे.