चालत लिहिलेला शब्द

ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मार्चिंग बँडची ‘स्क्रिप्ट ओहायो’ बघायला बसलेल्या प्रत्येकाला शेवटी काय दिसणार हे ठाऊक असतं. कोलंबस शहरातलं ते नालाच्या आकाराचं स्टेडियम, फुटबॉलचं हिरवं मैदान आणि त्यावर एकमेकांत गुंफलेल्या रोमन अक्षरांत राज्याचं नाव. 10 ऑक्टोबर 1936 रोजी पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात ही रचना पहिल्यांदा सादर झाली, आणि आजही लाखभर प्रेक्षक ती पुरी होईपर्यंत नजर हलवत नाहीत. शब्द आधीच माहीत असताना बघायचं काय उरतं? मला वाटतं, तो लिहिला जाताना बघायचं उरतं.

मैदानावर अक्षरं काढणारे बँड पुष्कळ आहेत. बहुतेक ठिकाणी प्रत्येक वादक आपापल्या ठरलेल्या जागेकडे निघतो, थोडा वेळ नुसती गर्दी दिसते आणि मग अचानक अक्षर उमटतं. इथे तसं होत नाही. सुरुवातीला एकात एक बसलेले तीन चौकोनी ‘ओ’ असतात आणि ते फिरत असतात. रॉबेर प्लँकेत या फ्रेंच संगीतकाराचं ‘सांब्र आणि म्यूझची पलटण’ हे लष्करी कूचगीत वाजू लागतं. बँडच्या पुढे चालणारा म्होरक्या, म्हणजे ड्रम मेजर, बाहेरच्या ‘ओ’चं टोक धरून निघतो आणि त्याच्यामागे एकेक वादक सुटत जातो. तिन्ही चौकोन उलगडत एकच लांब ओळ होते. मोडी लिहिणारा कारकून बोरू न उचलता जशी ओळ ओढत नेई, तशी ही माणसांची ओळ वळणं घेत शब्द लिहीत जाते. जागेवर पोचून थांबलेला असा कुणीच नसतो. शाई सतत वाहती असते.

रचनेतली सर्वांत अवघड आणि मला सर्वांत सुंदर वाटणारी जागा म्हणजे ओळ स्वतःलाच ओलांडते ती. अक्षरांना वळसे आहेत, म्हणजे पुढे गेलेली ओळ फिरून मागच्यांवर येणारच. तिथे कुणी कुणासाठी थांबत नाही. एकमेकांना छेद देणाऱ्या दोन रांगा एकमेकींच्या फटींतून आरपार जातात, बुटाच्या नाडीसारख्या. फट एका माणसाच्या अंतराएवढीच. ओठांवर ट्रंपेट, मांडी जमिनीला समांतर येईल इतका उंच उचललेला गुडघा, समोरून आडवा येणारा सहकारी, आणि तरीही सूर डळमळत नाही. अर्धं पाऊल मागे पडलं तर तिथे धक्काच बसणार. उंच कॅमेऱ्यातून घेतलेलं चित्रण जरूर बघावं, पण या छेदापाशी एकदा जमिनीवरून घेतलेलं दृश्यही बघावं. वरून जी नुसती रेघ वाटते, तिच्यात किती घाम आहे ते तिथे कळतं.

यामागचं गणित साधं आणि निर्दय आहे. अमेरिकी फुटबॉलच्या मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते. मार्चिंग बँडच्या रूढ मोजमापात त्या पाच यार्डांत आठ पावलं बसवायची, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं. सहा फुटी मुलाचं पाऊलही तेवढंच आणि पाच फुटी मुलीचंही तेवढंच. त्यात आवाजाची अडचण. मैदानाच्या एका टोकाचा ठोका दुसऱ्या टोकाला पोचायला साधारण पाव सेकंद लागतो. लय मिनिटाला 120 ठोक्यांची असेल तर तेवढ्यात अर्धा ठोका निघून गेलेला असतो. लांबच्या सोबत्याचं ऐकून वाजवलं तर मागेच पडायचं. म्हणून कानापेक्षा डोळ्यांवर आणि पावलांवर विसंबावं लागतं. संगीत शिकलेल्या माणसाला स्वतःच्या कानावर अविश्वास ठेवायला शिकवणं ही मला या शिस्तीतली सर्वांत कठोर गोष्ट वाटते.

हे करणारी मुलं बरीचशी संगीताची विद्यार्थी नसतातच. कुणी अभियांत्रिकीचा, कुणी शेतीशास्त्राचा. 1934 पासून हा बँड फक्त पितळी आणि तालवाद्यांचा आहे. 1973 पासून त्यात मुलीही आल्या. जागा कुणाचीच कायमची नाही. गेल्या वर्षी वाजवलेल्यालाही यंदा नव्याने निवडचाचणी द्यावी लागते. हंगाम सुरू झाल्यावरही राखीव वादक रांगेतल्या वादकाला आव्हान देऊ शकतो, आणि दोघांत सरस ठरेल तो मैदानावर उतरतो. त्याच दोघांना पुढे एकाच ओळीत परस्परांवर भरवसा टाकून चालायचं असतं. ही स्पर्धा आणि हा भरवसा एकत्र नांदतात, याचं मला फार कौतुक आहे.

आणि मग टिंब. शब्द पुरा होत आला की गाण्याची शेवटची सोळा आवर्तनं उरतात. ड्रम मेजर आणि एक सूझाफोनवादक ‘आय’च्या माथ्याकडे डौलात निघतात. सूझाफोन म्हणजे अंगाभोवती गुंडाळलेलं, डोक्यावर भलामोठा कर्णा उघडणारं जड वाद्य. वर्षानुवर्षं मागे राहून खर्ज सांभाळायचा, हे त्याचं काम. हा मान चौथ्या किंवा पाचव्या वर्षाच्या वादकाला मिळतो, आणि दर सादरीकरणात वेगळ्याला. आधी टिंब होता कॉर्नेटवादक. 1937 मध्ये ग्लेन जॉन्सन या सूझाफोनवादकाला तिथे उभं करण्यात आलं. पुढच्या वर्षी ड्रम मेजर माथ्यावर तीन-चार आवर्तनं आधीच पोचला. उरलेलं संगीत रिकामं जाऊ नये म्हणून जॉन्सनने पाय उंच झाडला, गर्रकन वळला आणि खोल वाकून नमस्कार केला. प्रेक्षकांनी स्टेडियम डोक्यावर घेतलं. आज जो नमस्कार परंपरा म्हणून घातला जातो, तो मुळात वेळ भरून काढण्यासाठी सुचलेला आहे. पण असं ऐन वेळी सुचायला लय अंगात मुरलेली असावी लागते. किती आवर्तनं शिल्लक आहेत हे माहीत असलेल्यालाच ती भरता येतात.

याच बँडने 2013 मध्ये मायकेल जॅक्सनची आकृती मैदानावर ‘मूनवॉक’ करत नेली आणि तिचं चित्रण जगभर फिरलं. कल्पकता निर्विवाद. तरी मी पारडं ‘स्क्रिप्ट’च्याच बाजूने झुकवेन. त्या खेळात आपण चतुराईला दाद देतो. इथे एका रेघेत चालणाऱ्या प्रत्येक माणसाला.

विनोदी अभिनेता बॉब होप, गोल्फपटू जॅक निकलॉस, अंतराळवीर जॉन ग्लेन अशा मोठ्या माणसांनीही मानाचं टिंब म्हणून ती जागा घेतली आहे. तो सन्मान योग्यच. मला मात्र तिथे विद्यार्थीच हवा असतो. ओळीत असताना त्याला पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसलेलं नसतं. शब्द संपल्यावर ओळीतून बाहेर पडून आपण काय लिहिलं ते बघण्याचा हक्क त्यानेच कमावलेला असतो.