सातारा-प्रकरणातील कबुलीचे स्थान

साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्या पदच्युतीचा विचार करताना मराठी लेखकांची दृष्टी बहुधा कारस्थानी व्यक्तींवर खिळते. प्रबोधनकार ठाकरे यांचा ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ (१९४८) हा ग्रंथ याचे ठळक उदाहरण होय. बाळाजीपंत नातू प्रभृतींच्या कृत्यांवर त्यात जो प्रखर प्रकाश पडतो, त्याने वाचक संतप्त होतो. परंतु चौकशीची रीत त्या मानाने अंधारात राहते. वस्तुतः प्रकरणाचे मर्म त्या रीतीतच आहे.

कंपनीच्या पलटणीतील देशी सुभेदारांना फितविल्याचा आरोप राजावर आला. १८३६ मध्ये लॉडविक, विलोबी व ओव्हान्स यांच्या मंडळाने बंद दाराआड साक्षी घेतल्या. त्यांपैकी ओव्हान्स हेच १८३७ मध्ये साताऱ्याचे रेसिडेंट झाले. म्हणजे चौकशी करणाराच पुढील पुराव्याचा संग्राहक ठरला. दिवाण गोविंदराव यांचा जबाब तर अहमदनगरच्या कैदेत घेतला गेला. कैद्याच्या अशा जबाबाचे मोल त्याच्या मजकुरावरून नव्हे, तो ज्या स्थितीत दिला गेला तिच्यावरून ठरवावे लागते.

ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर कारनॅक साताऱ्यास आले. तहभंगाचा ठपका ज्यात गृहीत धरला होता अशा लेखावर सही केल्यास गादी राहील, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. प्रतापसिंहांनी सही नाकारली. ५ सप्टेंबर १८३९ रोजी ते पदच्युत झाले व पुढे काशीस रवाना करण्यात आले.

मॉस्को येथील १९३६-३८ च्या खटल्यांत आरोपींनी भर न्यायालयात गुन्हे कबूल केले, आणि बुखारिनसारख्यांना तरीही देहान्त शिक्षा झाली. साताऱ्यास क्रम उलटा होता: कबुली दिली असती तर पद टिकले असते. परंतु दोन्हीकडे सत्तेची गरज एकच दिसते. पुरावा स्वतःच्या बळावर उभा राहत नाही, तेव्हा आरोपीच्या तोंडून किंवा लेखणीतून त्याची उणीव भरून काढावी लागते.

येथे एक सावधगिरी अवश्य आहे. सहीस नकार हा निर्दोषतेचा पुरावा नव्हे. त्यावरून राजाचे शील दिसते, आरोपाचे सत्यासत्य ठरत नाही. ते ठरविण्यास खुली चौकशीच हवी होती. रंगो बापूजी १८५३ पर्यंत लंडनमध्ये जी दाद मागत राहिले, तिचे महत्त्व स्वामिनिष्ठेइतकेच या न्यायतत्त्वातही आहे. अभ्यासकाने या प्रकरणाकडे वळताना नातूंच्या दोषाआधी हा न झालेला न्याय तपासावा, हे अधिक श्रेयस्कर.