अंदाज दोनशे, प्रत्यक्ष वीस हजार

पोस्टग्रेस या डेटाबेसला एखादी क्वेरी ‘एक्स्प्लेन ॲनालाइझ’ लावून चालवायला सांगितली, की तो उत्तराऐवजी त्या उत्तरापर्यंत आपण कसे पोचलो याची हकिगत लिहून देतो. या हकिगतीला प्लॅन म्हणतात. तिच्या प्रत्येक टप्प्याच्या ओळीत दोन कंस असतात. पहिल्यात काम सुरू होण्यापूर्वीचा अंदाज असतो: खर्च किती येईल, ओळी किती निघतील. दुसऱ्यात खरोखर काय घडलं ते असतं: वेळ किती गेला, ओळी किती निघाल्या, तेच काम किती वेळा करावं लागलं. आधीचा समज आणि नंतरचा अनुभव असे शेजारी शेजारी, काहीही न झाकता मांडणारा मजकूर मला दुसरीकडे क्वचितच भेटला आहे. सॉफ्टवेअरच्या कचेऱ्यांत तो घाईघाईने खालीवर करून बंद केला जातो. तो सावकाश वाचण्याच्या योग्यतेचा आहे.

उदाहरण कर्नाटकातल्या धारवाडचं घेतो. कर्नाटकाने ‘भूमी’ प्रकल्पात जमिनीच्या सुमारे 2 कोटी नोंदी संगणकावर आणल्या. त्या 67 लाख खातेदारांच्या होत्या. हस्तलिखित पहाणी बाद झाली आणि तालुका कचेरीच्या खिडकीवर 15 रुपयांत छापील पहाणी मिळू लागली. महाराष्ट्रात सातबाराला जे स्थान आहे तेच कर्नाटकात पहाणीला आहे. पीककर्ज, वाटणी, विक्री, सगळं तिच्यावर अडतं. म्हणून खिडकीच्या आत एखादी क्वेरी किती वेळ घेते हा प्रश्न बाहेर रांगेत उभ्या असलेल्या माणसाचाही असतो. पुढची टेबलं मात्र भूमीची नव्हेत. हिशेब सोपा जावा म्हणून ती मी रचली आहेत आणि आकडे मुद्दाम गोल ठेवले आहेत.

एक टेबल पहाणीचं, 20 लाख ओळींचं. त्यात तालुके 5, होबळ्या 20, गावं 100. होबळी म्हणजे महाराष्ट्रातलं महसूल मंडळ. सगळी गावं सारख्या आकाराची धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला 20,000 ओळी येतात. दुसरं टेबल फेरफारांचं, 40 लाख ओळींचं. क्वेरी अशी: तालुका धारवाड, होबळी गरग, गाव गरग, यातल्या प्रत्येक नोंदीचे सगळे फेरफार द्या. (गरग म्हणजे राष्ट्रध्वजाच्या खादीचं गरग. ध्वजाचं कापड विणणाऱ्या गावाच्या जमिनी उदाहरणाला घेताना मला बरं वाटतं.)

क्वेरी 38 सेकंद घेते. पण सर्व्हरवरच्या इतक्या क्वेरींच्या गर्दीत ती सापडली कशी? पोस्टग्रेसमध्ये ‘पीजी स्टॅट स्टेटमेंट्स’ नावाची सोय आहे. ती प्रत्येक क्वेरीचा साचा, तो किती वेळा चालला आणि त्याने एकूण किती वेळ खाल्ला याचं टिपण ठेवते. या टिपणाचा क्रम एकूण वेळेप्रमाणे लावावा, सर्वांत हळू क्वेरी कोणती एवढंच बघू नये. महिन्यातून एकदा चालणारी दहा मिनिटांची क्वेरी पुष्कळदा निरुपद्रवी असते. दिवसातून लाखो वेळा चालणारी पाच मिलिसेकंदांची क्वेरी सर्व्हरचा श्वास कोंडू शकते. आपली क्वेरी दोन्ही बाजूंनी वर आली, असं समजू.

आता प्लॅन. तो वरून खाली वाचू नये. जी ओळ सर्वांत आत सरकलेली असते तिथे काम सुरू होतं आणि बाहेर येत येत उत्तर घडतं. आपल्या प्लॅनमध्ये सर्वांत वर ‘नेस्टेड लूप’ लिहिलंय, म्हणजे एका टेबलातल्या प्रत्येक ओळीसाठी दुसऱ्या टेबलात पुन्हा शोधायचं. त्याच्या पोटात पहिली ओळ पहाणी टेबलावरच्या इंडेक्स स्कॅनची, म्हणजे सूचीवरून नेमक्या ओळी शोधण्याची. इंडेक्सची अट: गाव गरग. खाली फिल्टर: होबळी गरग आणि तालुका धारवाड. अंदाज 200 ओळी. प्रत्यक्ष 20,000.

इथे थांबावं. शंभर पटींची ही तफावत डोळ्यांत भरते, पण त्याहून सुंदर गोष्ट तिथे न छापलेल्या ओळीत आहे. फिल्टरने काही ओळी टाकून दिल्या असत्या, तर पोस्टग्रेसने खाली ‘रोज रिमूव्हड बाय फिल्टर’ असं लिहून आकडा दिला असता. टाकलेल्या ओळी शून्य असतील तर तो ही ओळ छापतच नाही. आपल्या प्लॅनमध्ये ती नाही. म्हणजे होबळीची आणि तालुक्याची अट लावून एकही नोंद गळली नाही. गळणार तरी कशी? आपल्या टेबलात गरग म्हटलं की होबळी ठरली, होबळी ठरली की तालुका ठरला. पुढच्या दोन अटींनी नवीन काहीच सांगितलं नव्हतं. पोस्टग्रेसला मात्र वाटलं की सांगितलं.

त्याचा हिशेब असा: शंभरातलं एक गाव, विसातली एक होबळी, पाचातला एक तालुका. तिन्ही अपूर्णांकांचा गुणाकार केला, 20 लाखांना लावला, उत्तर आलं 200. गणितात चूक नाही. चूक आहे ती तिन्ही गोष्टी एकमेकींपासून स्वतंत्र आहेत या गृहीतात. जणू गरगची माणसं पाचही तालुक्यांत सारखी विखुरलेली असावीत.

या गृहीताचं मूळ फार मागे आहे. 1979 साली आयबीएमच्या सॅन होझेतल्या सिस्टम आर प्रकल्पातून पॅट्रिशिया सेलिंजर आणि चार सहकाऱ्यांचा निबंध आला. क्वेरीला ‘काय हवं’ एवढंच सांगायचं, ‘कसं आणायचं’ ते यंत्राने खर्चाचा अंदाज बांधून ठरवायचं, ही त्यांची रीत. आजचे बहुतेक रिलेशनल डेटाबेस तिच्याच वंशातले आहेत. त्या निबंधात एक ठिकाण मला फार मोलाचं वाटतं. एखाद्या बरोबरीच्या अटीबद्दल काहीच माहिती नसेल तर किती ओळी निघतील? ते लिहितात, एक दशांश धरा. आणि एखाद्या मूल्यापेक्षा मोठं-लहान अशी अट असेल तर? एक तृतीयांश. यामागे भक्कम सिद्धान्त नाही आणि असल्याचा आवही नाही. काहीतरी धरल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा काय धरलं ते उघड लिहून ठेवायचं, ही त्यांची शिस्त. तीच शिस्त प्लॅनच्या पहिल्या कंसात उतरली आहे.

पुन्हा प्लॅनकडे. नेस्टेड लूपची दुसरी ओळ फेरफार टेबलावरच्या इंडेक्स स्कॅनची आहे. वेळ 1.9 मिलिसेकंद. नवखा वाचक इथे फसतो: दोन मिलिसेकंदसुद्धा नाहीत, इथे काय बिघडणार! पण ओळीच्या शेवटी ‘लूप्स’ आहे 20,000. दुसऱ्या कंसातला वेळ हा एका फेरीचा सरासरी वेळ असतो, त्याला फेऱ्यांनी गुणायचं असतं. गुणलं की 38 सेकंद. सगळा विलंब त्या निरागस दिसणाऱ्या आकड्यात बसलेला होता. ‘बफर्स’ची ओळ बघितली तर पानं डिस्कवरून वाचल्याचा आकडा 5,000च्या घरात. एकेक पान 8 केबीचं, तेही टेबलात कुठे कुठे विखुरलेलं. फिरत्या डिस्कवर अशा प्रत्येक पानाला सात-आठ मिलिसेकंद लागतात. हिशेब जुळला.

मग पोस्टग्रेसने मूर्खपणा केला का? अजिबात नाही. 200 नोंदी असत्या तर 200 वेळा इंडेक्समध्ये डोकावणं हाच शहाणा मार्ग होता. 20,000 नोंदींना मात्र हॅश जॉइन हवा: गरगच्या नोंदी मेमरीत मांडायच्या आणि फेरफारांचं टेबल एकदाच, सलग वाचून काढायचं. डिस्कला सलग वाचन स्वस्त पडतं, उड्या महाग पडतात. पोस्टग्रेसच्या मूळ सेटिंगमध्ये सलग पानाचा खर्च 1 आणि उडीच्या पानाचा 4 धरलेला आहे, तो याचसाठी. निर्णय करणारी रीत चोख होती, तिच्यापुढे ठेवलेली माहिती चुकीची होती. 2015 साली म्युनिकच्या व्हिक्टर लाइस आणि सहकाऱ्यांनी सिनेमांच्या खऱ्याखुऱ्या माहितीवर वेगवेगळे डेटाबेस पारखले, तेव्हाही हेच दिसलं: खर्चाच्या सूत्रांपेक्षा ओळींच्या अंदाजातल्या चुका कितीतरी जास्त नडतात. म्हणून सर्व्हर हळू झाला की मेमरी वाढवा, मशीन बदला अशी जी पहिली हाक उठते, तिच्यावर माझा विश्वास नाही. आधी दोन कंसांतली तफावत शोधावी, तीही सर्वांत आतल्या ओळीपासून, कारण आत चुकलेला अंदाज बाहेर जाताना गुणाकाराने वाढतो.

कोणता प्लॅन घ्यायचा हे निर्णय कुठे पालटतात ते डोळ्यांनी बघायचं असेल, तर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या जयंत हरित्सा यांच्या प्रयोगशाळेकडे वळावं लागतं. त्यांनी एकच क्वेरी घेऊन तिच्या दोन अटींची व्याप्ती हळूहळू बदलत नेली आणि प्रत्येक ठिकाणी ऑप्टिमायझर, म्हणजे डेटाबेसचा प्लॅन ठरवणारा भाग, कोणता प्लॅन निवडतो त्याला एकेक रंग दिला. 2005 साली प्रसिद्ध झालेली ही चित्रं इतकी तुकड्यातुकड्यांची, वाकड्या सीमांची निघाली, की चित्रं काढणाऱ्या साधनाचं नाव पिकासो ठेवलं गेलं. त्यांत एका रंगाच्या पोटात दुसऱ्याची बेटं आहेत, पातळ पट्टे आहेत. पुढे 2007मध्ये त्याच प्रयोगशाळेने दाखवलं, की कुठेही 20 टक्के जादा खर्च सोसायची तयारी ठेवली तर एवढ्या प्लॅनांपैकी दहाएक पुरतात. ऑप्टिमायझरची नजाकत पुष्कळदा गरजेपेक्षा बारीक असते, ही दाद आणि टीका दोन्ही त्या चित्रांत एकत्र आहेत.

आपल्या प्लॅनचा उपाय लहानसा आहे. पोस्टग्रेसमध्ये 2017 सालच्या दहाव्या आवृत्तीपासून ‘क्रिएट स्टॅटिस्टिक्स’ ही आज्ञा आहे. गाव, होबळी, तालुका हे कॉलम एकमेकांवर अवलंबून आहेत का ते बघ, असं तिच्यातून सांगायचं आणि मग ‘ॲनालाइझ’ चालवायचं. ॲनालाइझ सगळं टेबल वाचत नाही. मूळ सेटिंगमध्ये ते 30,000 ओळींचा नमुना उचलतं. तेवढ्यावरून त्याला कळतं की गावावरून बाकीचं ठरतं. पुन्हा प्लॅन काढला, की अंदाज 19,800च्या आसपास येतो, वर ‘हॅश जॉइन’ दिसतो, आणि 38 सेकंदांच्या जागी चार-पाच. क्वेरीतलं एक अक्षरही बदललेलं नसतं.

याची मर्यादाही सांगायला हवी. कारकुनाने गाव गरग आणि तालुका हुबळी असं चुकून घातलं, तर प्रत्यक्षात एकही ओळ निघणार नाही, पण अवलंबित्वाचा हा नियम तरीही 20,000चाच अंदाज देईल. अटी एकमेकींशी जुळणाऱ्या आहेत असं तो धरून चालतो. 2019च्या बाराव्या आवृत्तीत कॉलमांच्या जोड्यांमधली नेहमी येणारी मूल्यं नोंदवण्याची सोय आली, ती ही चूक पकडते. आणि दोन टेबलांमधला संबंध अजून या आज्ञेच्या हाती येत नाही. शहराला लागून असलेल्या गावांत, धारवाड-हुबळी रस्त्याच्या कडेला, जमिनी भराभर विकल्या जातात आणि फेरफार ढिगाने होतात, तर आतल्या गावात एक नोंद पिढीभर तशीच राहते. गाव पहाणीच्या टेबलात आणि फेरफार दुसऱ्या टेबलात, म्हणून पोस्टग्रेस सगळीकडे सरासरी दोनच फेरफार धरतो. रस्त्याकाठच्या गावासाठी हीच क्वेरी चालवली तर तफावत जॉइनच्या ओळीवर दिसेल, आणि तिथे होणारी जमिनीची उलाढाल वाचणाऱ्याला ठाऊक असावी लागेल.